घरांविषयी कोणता प्रश्न विचारायचा, हे कोणी ठरवायचे?

२०११ च्या जनगणनेत देशातील शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञगटाने शहरांमध्ये १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांचा तुटवडा असल्याचा अंदाज मांडला. दोन्ही आकडे सरकारी आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण ते शेजारीशेजारी ठेवले की साधा वाचक चक्रावतो. एवढी घरे रिकामी असताना एवढी घरे कमी कशी पडतात?

उत्तर तुटवड्याच्या व्याख्येत आहे. त्या १ कोटी ८७ लाखांपैकी खरोखर बेघर कुटुंबे सुमारे ५ लाख ३० हजारच होती. जवळजवळ दीड कोटी कुटुंबे ‘दाटी’च्या खान्यात मोडत होती, आणि दाटी म्हणजे विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे. लालबाग-परळच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. थोरल्याचे लग्न झाले की धाकट्याचे अंथरूण गॅलरीत जायचे. तज्ज्ञगटाने ‘जोडप्याला खोली आहे का’ असा प्रश्न विचारला म्हणून ती चाळ तुटवड्यात मोजली गेली. नुसते ‘डोक्यावर छप्पर आहे का’ एवढेच विचारले असते, तर तीच चाळ हिशेबातून बाहेर राहिली असती. रिकाम्या घरांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जनगणनेचा प्रगणक कुलूप लावलेल्या दारावर ‘रिकामे’ अशी नोंद करून पुढे जातो. ते कुलूप भाडेकरू घर सोडणार नाही या धास्तीने लागले आहे, वारसांच्या भांडणामुळे लागले आहे, की इमारतीला अजून पाणीच आलेले नाही म्हणून लागले आहे, हे नोंदवण्याची त्या तक्त्यात सोय नव्हती.

म्हणजे घरांविषयी सरकारला काय दिसते, हे बऱ्याच अंशी सरकार काय विचारते यावर अवलंबून असते. मग काय विचारायचे हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाचे कायद्यात लिहिलेले उत्तर अमेरिकेत सापडते. ती व्यवस्था आदर्श नाही, परंतु तिचे टप्पे स्पष्ट असल्याने समजून घ्यायला सोपी आहे.

घरांवरचे संशोधन म्हणजे काय?

येथे संशोधन म्हणजे सिमेंटची किंवा विटांची चाचणी नव्हे. घर कोणाला मिळते, कोणाला परवडते, आणि सरकारने मदत केली तर राहणाऱ्याच्या आयुष्यात नेमके काय बदलते, याचा पद्धतशीर शोध म्हणजे गृहनिर्माण संशोधन. अमेरिकेत हे काम प्रामुख्याने संघराज्य सरकारच्या गृहनिर्माण आणि नगरविकास विभागाकडे आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या या विभागाला तिथे संक्षेपाने ‘हड’ म्हणतात, आणि त्याचे स्वतंत्र संशोधन कार्यालय १९७३ पासून आहे.

या संशोधनातला एक भाग निव्वळ मोजणीचा आहे. हडसाठी जनगणना विभाग १९७३ पासून घरांची मोठी पाहणी करत आला आहे. तिच्या आधारे हड अमेरिकी संसदेला असा अहवाल देते की, सरकारी मदत न मिळणारी, अत्यल्प उत्पन्नाची आणि मिळकतीतला निम्म्याहून अधिक वाटा भाड्यात घालवणारी किंवा अगदी निकृष्ट घरात राहणारी भाडेकरू कुटुंबे किती आहेत. २०२१ मध्ये अशी कुटुंबे सुमारे ८५ लाख होती. दुसरा भाग व्यवहार तपासण्याचा. घरमालक भाडेकरूंमध्ये वंशावरून भेदभाव करतात का, हे घरमालकांनाच विचारले तर कोण खरे सांगेल? म्हणून सारख्याच उत्पन्नाचे आणि सारख्याच पार्श्वभूमीचे, फक्त वंशाने वेगळे असे दोन जण एकापाठोपाठ एक त्याच घराची चौकशी करायला पाठवतात आणि दोघांना मिळालेली वागणूक ताडून पाहतात. २०१२ च्या अशा अभ्यासात २८ महानगरांत ८ हजारांहून अधिक वेळा ही परीक्षा झाली, आणि अल्पसंख्याक वंशाच्या ग्राहकांना कमी घरे सांगितली व कमी घरे दाखवली जातात असे दिसले. मुंबई-पुण्यात ‘आडनाव काय, खाता काय’ या प्रश्नांना तोंड दिलेल्यांना या पद्धतीचे महत्त्व चटकन कळेल.

तिसरा भाग प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे, आणि त्याकडे जरा सावकाश पाहायला हवे.

म्हाडाची सोडत आणि अमेरिकेतला प्रयोग

एखाद्या योजनेचा फायदा झाला की नाही, हे ठरवण्यातली खरी अडचण अशी की योजनेत जाणारे लोक मुळातच वेगळे असतात. जे कुटुंब धडपड करून चांगल्या वस्तीत गेले, त्याची मुले पुढे चांगली शिकली, तर श्रेय वस्तीचे की धडपडीचे? ही गाठ सोडवण्याचा सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करणारे सगळे साधारण सारख्याच परिस्थितीतले असतात आणि घर कोणाला लागते हे केवळ नशिबावर ठरते. त्यामुळे घर लागलेले आणि न लागलेले यांच्यात काही वर्षांनी जो फरक दिसतो, तो घरामुळेच पडला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मुंबईतील म्हाडाच्या सोडतींवर असा अभ्यास झालेला आहे, आणि घर लागलेले लोक स्थानिक नागरी प्रश्नांवर तक्रारी करण्यात व सभांना जाण्यात अधिक पुढे असतात असे त्यात आढळले. घर लागले की माणूस निवांत होत असेल, असा आपला समज असतो. येथे उलटेच दिसते.

हडने १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत अशीच सोडत मुद्दाम काढली. गरिबीने ग्रासलेल्या वस्त्यांतील सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांपैकी काहींना कमी गरिबी असलेल्या वस्तीतच वापरता येईल असे भाडे-साहाय्य दिले, काहींना नेहमीचे साहाय्य दिले आणि उरलेल्यांना नवे काही दिले नाही. धोरणकर्त्यांच्या मनातला मुख्य प्रश्न कमाईचा होता: चांगल्या वस्तीत गेल्यावर प्रौढांना बरे काम मिळेल का आणि त्यांचे उत्पन्न वाढेल का? अनेक वर्षांनी मोजले तेव्हा प्रौढांच्या कमाईत फरक दिसला नाही, आणि प्रयोग फसला असे बोलले जाऊ लागले.

पण सुरुवातीलाच या कुटुंबांना ‘तुम्हाला येथून का जायचे आहे’ असे विचारलेले होते. सुमारे तीनचतुर्थांश कुटुंबांनी पहिले किंवा दुसरे कारण म्हणून गुंडांच्या टोळ्या आणि अमली पदार्थ यांपासून सुटका हे सांगितले होते. त्यांना भीतीपासून दूर जायचे होते. कमाई हा मुद्दा त्यांच्यासाठी नंतरचा होता. आणि सुधारणा नेमकी तिथेच दिसली. सुरक्षिततेची भावना वाढली, स्त्रियांचे मानसिक आरोग्य सुधारले, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तीव्र लठ्ठपणा व मधुमेह यांचे प्रमाणही कमी आढळले. पुढे २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच प्रयोगाला वेगळा प्रश्न विचारला: स्थलांतराच्या वेळी मूल किती वर्षांचे होते? तेरा वर्षांच्या आत ज्यांनी वस्ती बदलली, त्या मुलांचे तरुणपणीचे वार्षिक उत्पन्न इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होते. कुटुंबे तीच, प्रयोग तोच. प्रश्न बदलल्यावर ‘फसलेला’ प्रयोग बोलू लागला.

प्रश्नांची यादी तयार कशी होते?

अशा यादीला अमेरिकेत ‘संशोधनाचे अग्रक्रम’ म्हणतात. पैसा आणि माणसे मर्यादित असल्याने पुढील चार-पाच वर्षांत कोणत्या प्रश्नांचा शोध घ्यायचा, याची ती क्रमवार यादी असते. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका काढावी तसे हे काम आहे. फरक एवढाच की येथे परीक्षा सरकारची असते.

पूर्वी ही प्रश्नपत्रिका बरीचशी कार्यालयातच तयार होई. २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने हडच्या संशोधन-क्षमतेवर एक परखड अहवाल दिला. निधी तुटपुंजा आहे, आणि पुढची दिशा बाहेरच्या लोकांशी बोलून ठरवायला हवी, असा त्याचा रोख होता. त्यानंतर हडने २०१४ ते २०१८ या काळासाठी संशोधनाचा एक आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी संशोधक, स्थानिक प्रशासन, गृहनिर्माण संस्था आणि सामान्य नागरिक यांच्याकडून प्रश्न मागवले गेले. आलेले सगळे प्रश्न घेणे शक्य नसते, म्हणून ते गाळावे लागतात. उत्तराने एखादा निर्णय बदलेल का, उत्तर वेळेत हाती येईल का, आणि हे काम इतरांपेक्षा हडलाच अधिक चांगले जमेल का, असे निकष लावले जातात.

शेवटचा निकष थोडा उलगडायला हवा. हडकडे भाडे-साहाय्य घेणाऱ्या लाखो कुटुंबांच्या नोंदी आधीच आहेत. त्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या नोंदींशी जोडल्यावर असे दिसले की, साहाय्य मिळणाऱ्या घरांतील मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण तशाच परिस्थितीतल्या इतर मुलांपेक्षा कमी असते. शिसे आले कुठून, तर जुन्या रंगांतून. तिथे घरांसाठी असे रंग १९७८ मध्ये बंद झाले, पण त्याआधीच्या भिंती उभ्याच आहेत. हे शोधायला एकाही दारावर नव्याने टकटक करावी लागली नाही. असा अभ्यास खासगी विद्यापीठाला एकट्याने करता आला नसता.

२०१९ च्या जानेवारीत या पद्धतीला कायद्याचे बळ मिळाले. पुराव्याच्या आधारे धोरण ठरवण्याविषयीच्या त्या कायद्याने संघराज्य सरकारच्या मोठ्या विभागांना चार वर्षांच्या धोरण-आराखड्यासोबत संशोधनाच्या प्रश्नांची यादी देणे बंधनकारक केले, आणि ती करताना राज्ये, स्थानिक प्रशासने व बाहेरचे संशोधक यांच्याबरोबर जनतेशीही सल्लामसलत करावी असे स्पष्ट लिहिले.

आपल्याकडच्या ‘हरकती व सूचनां’पेक्षा हे वेगळे आहे का?

वेगळे आहे, आणि फरक वेळेचा आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. हा अधिकार मोलाचा आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला, त्यातल्या चुकांवर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये तो बाजूला ठेवावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरीला २०१८ उजाडले.

मात्र येथे लोकांना स्वयंपाक झाल्यावर चवीबद्दल विचारले जाते. नकाशावर रेषा मारल्या गेलेल्या असतात, आणि माणूस स्वाभाविकपणे स्वतःच्या गल्लीवरून जाणारी रेषा तेवढी पाहतो. संशोधनाच्या अग्रक्रमांत विचारणा धान्य निवडण्याच्या वेळी होते. तिथे कोणाची गल्ली जात नसते, म्हणून भांडणही कमी होते. पण त्याच कारणाने फारसे कोणी फिरकतही नाही, हा त्या पद्धतीचा मोठा दोष आहे.

पण सामान्य माणसाला संशोधनातले काय कळणार?

पद्धतीतले कदाचित फारसे कळणार नाही, आणि ती त्याच्याकडून अपेक्षाही नाही. नमुना किती मोठा घ्यावा हे संख्याशास्त्रज्ञाने ठरवावे. मात्र कुठे दुखते हे रुग्णानेच सांगायचे असते. वैद्यकशास्त्रात याचा पुरावा आहे: गुडघ्याच्या संधिवातावर २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसले की बहुतेक चाचण्या औषधांच्या होत्या, तर रुग्णांना शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि आजाराला तोंड कसे द्यावे याविषयी अधिक जाणून घ्यायचे होते. संशोधक हुशार होते आणि पैसाही खर्च झाला होता, तरी उत्तरे लोकांना हव्या असलेल्या प्रश्नांची नव्हती.

घरांच्या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण अधिक टोचणारे आहे. तिथे झोपडपट्टीतील कुटुंबांना सोडतीने शहराच्या कडेला चांगली घरे मिळाली. चौदा वर्षांनंतर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की, घर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिकडे कधी राहायलाच गेले नव्हते आणि ३२ टक्के जाऊन परत निघाले होते. उत्पन्नात किंवा मुलांच्या प्रगतीत फरक नव्हता. उलट नातेवाईक आणि जातभाई दूर पडल्याने अडीनडीला मिळणारी मदत आटली होती. ‘घर पक्के आहे का’ एवढाच प्रश्न विचारला असता तर योजना शंभर टक्के यशस्वी ठरली असती. ‘रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणले तर तुम्ही कोणाचे दार वाजवाल’ हा प्रश्न तिथे राहणाऱ्या बाईला सहज सुचला असता.

ज्याचा आवाज मोठा, त्याचीच यादी होणार नाही का?

ही शंका खरी आहे. सूचना मागवल्यावर बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना, घरमालकांचे गट आणि विद्यापीठे व्यवस्थित टंकलिखित निवेदने पाठवतात. पुलाखाली झोपणारा माणूस पाठवत नाही. बिल्डरला परवानग्यांमुळे खर्च किती वाढतो हे जाणून घ्यायचे असते, भाडेकरूला घर खाली करण्याची नोटीस मिळालेल्यांचे पुढे काय होते हे हवे असते. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण पोहोचतो पहिलाच.

म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. आलेल्या सूचना मते म्हणून मोजायच्या नसतात. एकाच मजकुराची हजार पत्रे आली तरी प्रश्न एकच असतो. आणि जे लिहू शकत नाहीत, त्यांच्याकडे आपण जायचे असते: निवाऱ्यात, संक्रमण शिबिरात, बांधकाम मजुरांच्या वस्तीत. संकेतस्थळावर सूचना टाकून महिनाभर वाट पाहणे म्हणजे सल्लामसलत, असे मानणाऱ्या कार्यालयाला सुखवस्तू लोकांचेच प्रश्न मिळतील.

घरे बांधा ना, संशोधनात वेळ कशाला?

चिडून विचारलेला हा प्रश्नही समजण्यासारखा आहे. संशोधन संथ असते. बेघर कुटुंबांना कोणती मदत सर्वांत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी हडने २०१० ते २०१२ दरम्यान बारा ठिकाणच्या २,२८२ कुटुंबांना निवडले आणि तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ मध्ये हाती आले. दीर्घकालीन भाडे-साहाय्याने पुन्हा बेघर होण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले, आणि तीन वर्षांचा एकूण खर्च नेहमीच्या मदतीपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनीच जास्त होता. उत्तर मोलाचे होते, पण त्याला वर्षे लागली. एवढा काळ जाणार असेल तर सुरुवातीलाच चुकीचा प्रश्न निवडणे फार महाग पडते. बांधकाम थांबवून संशोधन करा असे कोणीच म्हणत नाही. बांधकाम चालू असतानाच ते करायचे असते.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे: विचारतात, पण करतात का? अमेरिकेतही यादी प्रसिद्ध झाली म्हणजे निधी मिळाला असे नाही. पैसा संसद देते, सरकार बदलले की कल बदलतो, आणि यादीतला प्रश्न कागदावरच राहू शकतो. मला येथे एवढाच फायदा दिसतो की यादी छापील आणि सार्वजनिक असते. कोणता प्रश्न वगळला, हे बाहेरच्या माणसाला बोट ठेवून दाखवता येते. आपल्याकडे कायद्यांचे मसुदे किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवावेत असे केंद्राचे धोरण २०१४ पासून आहे, पण त्याचा विषय कायदे आहे. कोणत्या गोष्टीचा शोध घ्यायचा, हा त्याच्या कक्षेत येत नाही.

उपयोगी पडणारी सूचना कशी असते?

‘घरे फार महाग झाली आहेत, सरकारने लक्ष घालावे’ ही तक्रार आहे. तिच्यात शोधण्यासारखे काही नाही, कारण महागाई सर्वांना दिसतेच. संशोधनाला लागतो असा प्रश्न, ज्याचे उत्तर आज कोणाला ठाऊक नाही, जो मोजता येतो, आणि ज्याच्या उत्तरावर एखादा निर्णय फिरू शकतो. ‘परवडणारे घर’ हेच घ्या. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च म्हणजे परवडणारे, असा अमेरिकेतला रूढ मापदंड आहे. पण बदलापूरला किंवा विरारला स्वस्त घर घेऊन रोज चार तास लोकलमध्ये घालवणाऱ्याचा प्रवासखर्च आणि वेळ या मापात येत नाही. हडने २०१३ मध्ये वाहतूक विभागाबरोबर घरखर्च आणि प्रवासखर्च एकत्र दाखवणारा निर्देशांक काढला, तो याच उणिवेपोटी.

मुंबई-ठाण्यापुरता एक प्रश्न सुचवायचा तर तो पुनर्विकासाचा असेल. जुनी इमारत पाडून उंच मनोरा झाल्यावर पाच वर्षांनी मूळ रहिवाशांपैकी किती कुटुंबे तिथेच राहतात, आणि जी गेली त्यांच्या जाण्यात लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकांमुळे वाढलेल्या देखभाल खर्चाचा वाटा किती? याची बरीच उत्तरे आधीच कुठे ना कुठे नोंदवलेली आहेत: सोसायटीच्या सभासद नोंदवहीत, थकीत मेंटेनन्सच्या यादीत, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतांत आणि वीजजोडणीवरच्या बदललेल्या नावांत. ती एकत्र करण्याचे काम तेवढे कोणाच्या तरी यादीत यायला हवे.